मूडची नोंद ठेवली, पुढे काय?

पोटात गॅस होतो, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन चाकणच्या एका कारखान्यातला पस्तिशीचा कामगार गेल्या वर्षी तीनदा माझ्या ओपीडीत आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ईसीजी दोनदा काढला, थायरॉइड तपासले, हिमोग्लोबिन पाहिले. सगळे जागेवर. ‘मन कसं आहे?’ असे विचारले की उत्तर एकच, ‘ठीक आहे, डॉक्टर.’

चौथ्या वेळी बायको सोबत आली. तिने पिशवीतून घरातले कालनिर्णय काढून टेबलावर ठेवले. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, मुलीच्या शाळेची फी, आणि या नोंदींच्या मधे लाल पेनाने मारलेल्या फुल्या. ‘ज्या दिवशी हे जेवले नाहीत, नाहीतर कोणाशी बोलले नाहीत, त्या दिवशी मी फुली मारते,’ ती म्हणाली. आम्ही चार महिन्यांची पाने उलटली. सुरुवातीला फुल्या फक्त रात्रपाळीच्या आठवड्यांत होत्या. शेवटच्या महिन्यात मात्र पाळी बदलली तरी फुल्या थांबल्या नव्हत्या. मला तीन भेटींत जे कळले नाही, ते त्या पानांनी पाच मिनिटांत दाखवले. त्याला नैराश्य होते. मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले आणि आता तो बरा आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या महिन्यात मला भेटायला आलेले तिघे तरुण. एक जण भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, दुसरा हिंजवडीत मोबाइल ॲप बनवण्याचे काम करतो, तिसरी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. मोशीतल्या एका वन बीएचकेत रात्री आणि रविवारी बसून त्यांनी मूडची नोंद ठेवणारे ॲप तयार केले आहे. गुंतवणूकदार नाही, ऑफिस नाही. फोन रोज एकदा विचारतो, आज कसे वाटते? पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचे, झोप किती झाली ते सांगायचे. महिनाअखेर आलेख तयार. ओळखीतले शंभरेक कामगार ते वापरून पाहत आहेत.

आता एका कंपनीने सहाशे कामगारांसाठी पैसे मोजायची तयारी दाखवली आहे. अट एकच: विभागवार अहवाल एचआरला मिळाला पाहिजे. ‘सर, हे पैसे आले तर आम्ही नोकऱ्या सोडून पूर्णवेळ हेच करू. घ्यावेत का?’

मी ‘नाही’ म्हणालो. तिघांचे चेहरे पडले. त्यांची अडचण खरी आहे, आणि त्यांचे कामही गरजेचे आहे. म्हणून त्या ‘नाही’मागची कारणे सविस्तर मांडतो. असे ॲप बनवणाऱ्यांना, ते विकत घेणाऱ्या कंपन्यांना आणि ते फोनमध्ये घेणाऱ्या वाचकांनाही ती उपयोगी पडावीत.

नोंद कशासाठी?

आपली स्मरणशक्ती भावनांच्या बाबतीत कच्ची असते. डॅनियल काहनेमन आणि डोनाल्ड रेडलमायर यांनी १९९६ साली आतड्याची दुर्बिणीने तपासणी होत असलेल्या रुग्णांना दर मिनिटाला वेदनेचा आकडा सांगायला लावला. नंतर ‘एकूण किती दुखले?’ असे विचारल्यावर रुग्णांचे उत्तर मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरत होते: सर्वांत जास्त दुखले तो क्षण आणि शेवटची काही मिनिटे. तपासणी किती वेळ चालली, याचा त्यात फारसा हिशेबच नव्हता. मनाचेही तसेच होते. ‘गेले दोन आठवडे कसे गेले?’ या प्रश्नाला रुग्ण बहुधा आज सकाळी कसे वाटत होते, याचेच उत्तर देतो. म्हणून त्या त्या दिवशी केलेली नोंद मोलाची.

तशी नोंद ठेवली आणि डॉक्टरने ती वापरली, तर फरक किती पडतो? बीजिंगमध्ये नैराश्याच्या १२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना औषधे तीच होती. एका गटात डॉक्टर नेहमीप्रमाणे अंदाजाने डोस ठरवत. दुसऱ्या गटात ठरावीक प्रश्नावलीचे गुण पाहून, आधीच आखलेल्या नियमाने डोस बदलत. २४ आठवड्यांनंतर नेहमीच्या गटातले २८.८ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते, तर मोजमापाच्या गटातले ७३.८ टक्के. एका शहरातला, मोजक्या रुग्णांचा अभ्यास आहे, हे लक्षात ठेवावे. तरी त्यातला एक मुद्दा या तिघांनी वहीत लिहून घ्यावा असा आहे: आकड्याच्या जोडीला तिथे नियम होता. गुण इतके आले तर डॉक्टरने काय करायचे, हे आधीच ठरलेले होते.

कारखान्याला ठाऊक असलेली गोष्ट

क्वालिटीत काम करणाऱ्या मुलाला मी विचारले, ‘तुमच्या मशीनवर कंट्रोल चार्ट असतो ना?’ तो हसला. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हा तक्ता ओळखीचा आहे. ठरावीक वेळाने जॉब मोजायचा, माप तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचे. अमेरिकेत वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ साली त्याची कल्पना मांडली. एका टिंबावरून कोणी घाबरत नाही. टिंबे एकाच दिशेने सरकू लागली की टूल झिजत चालल्याचे कळते, जॉब रिजेक्ट होण्याच्या आधी. मूडच्या आलेखाचेही नेमके हेच काम. एखादा वाईट दिवस सगळ्यांचा असतो. सलग दोन आठवडे रेष खाली राहिली, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट.

‘आणि टिंब रेषेबाहेर गेलं तर?’ मी विचारले. ‘रिॲक्शन प्लॅन असतो सर. मशीन थांबवायचं, मागचा माल वेगळा काढायचा, सुपरवायझरला बोलवायचं. कंट्रोल प्लॅनमध्ये त्याचा रकानाच असतो.’

‘तुमच्या ॲपमध्ये तो रकाना कुठे आहे?’

तो गप्प झाला. मी त्यांचे ॲप उघडून पाहिले होते. त्यात पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेली, नऊ प्रश्नांची, २७ गुणांची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करावी, असा संकेत आहे. तपासणी, निदान नव्हे. कारण थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, दारू किंवा नुसती अपुरी झोप यांनीही गुण वाढू शकतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ॲपमध्ये मी मुद्दाम या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ हे उत्तर दिले. पडद्यावर आले, ‘तुमचा स्कोअर १७. कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्या.’ आणि खाली, ‘सलग सात दिवस नोंद केल्याबद्दल अभिनंदन!’ शेजारी फुगे.

रात्री दोन वाजता, भाड्याच्या खोलीत एकटा असलेला कामगार हे वाचतो आहे, अशी कल्पना करा. आपण त्याला सर्वांत अवघड प्रश्न विचारला, त्याने खरे उत्तर दिले, आणि आपण फुगे उडवले. माझ्या मते असा प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी येते. ती घेता येत नसेल, तर तो प्रश्न विचारू नये.

मोजले, पण पोचले नाहीत

हा धडा मोठ्यांनीही असाच शिकला आहे. बंगळुरूच्या ‘वायसा’ या आज अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या ॲपचे संस्थापक जो अगरवाल आणि रमाकांत वेंपती यांनी आधी वेगळेच काही करून पाहिले होते. फोनच्या वापरावरून नैराश्य ओळखण्याचे ते तंत्र होते. ओळख होत होती, पण ज्यांना धोका दिसला त्यांतले फारच थोडे उपचारांपर्यंत गेले. म्हणून ते मोजणीकडून संवादाकडे वळले.

आपल्या जवळचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचे आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तिथे २०१३ मध्ये ‘आत्मीयता’ हा प्रकल्प सुरू केला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या हाती स्मार्टफोन होते, त्यांत मराठी लघुपट होते. ते दाखवून गप्पा सुरू करायच्या, ऐकून घ्यायचे, काही भेटींत प्रश्न सोडवायला मदत करायची, सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यायचा आणि आजार गंभीर असेल तर दवाखान्यात पाठवायचे. फोन होता, पण काम माणूस करत होता. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पानेही गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारांसाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले.

गरज किती मोठी आहे, हे सांगायला हवे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांपैकी आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपले चित्र फार वेगळे असेल असे माझ्या ओपीडीवरून तरी वाटत नाही.

अहवाल कोणाला?

आता कंपनीच्या अटीकडे येऊ. ‘नावे देणार नाही, फक्त विभागाची सरासरी देऊ,’ असे तिघांचे म्हणणे होते. बारा जणांच्या लाइनची सरासरी एका आठवड्यात घसरली, आणि त्या आठवड्यात एक जण तीन दिवस गैरहजर होता, तर नाव सांगायला कशाला हवे? सुपरवायझर दुपारच्या चहापर्यंत ओळखेल. चाकण-तळेगाव पट्ट्यात मोठ्या संख्येने कामगार कंत्राटी किंवा ट्रेनी आहेत. ठेकेदाराने ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटले की विषय संपतो. अशा माणसाला मालकाने दिलेले ॲप विचारते, आज कसे वाटते? तो रोज हसरा चेहरा दाबेल. म्हणजे आलेखही खोटा, आणि ज्याला मदत हवी तो आणखी खोल लपलेला. मोजमापाच्या दृष्टीने पाहिले तरी हा गेज निकामी आहे.

कायदा इथे पुरा पडत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन आहे. ॲप बनवणारा आपोआप त्यात येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले, पण नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाटही त्यात ठेवली आहे. आणि भरवसा दिला की तो पाळला जातोच, असेही नाही. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या मोठ्या समुपदेशन सेवेने माहिती गुप्त राहील असे सांगून ती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला. कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

छोट्या स्वतंत्र चमूची ताकद इथेच आहे. त्यांना माहिती गोळा करण्याची गरजच नाही. नोंद फोनमध्येच राहू द्यावी, सर्व्हरवर आणूच नये. जी माहिती आपल्याकडे नाही, ती चोरीला जात नाही आणि एचआरला मागताही येत नाही. कंपनीला खरोखर कामगारांचे भले करायचे असेल, तर तिने ॲपचे पैसे द्यावेत, कामगारांना ते मोफत मिळू द्यावे आणि अहवाल मागू नये. कोणत्या विभागात ताण जास्त आहे, हे जाणून घ्यायला मूडचा आलेख कशाला हवा? ओव्हरटाइमचे तास, सुट्या नाकारल्याच्या नोंदी आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्या कंपनीच्या रजिस्टरमध्ये आधीच आहेत. त्या वाचाव्यात.

चार सुधारणा

त्या तिघांना मी चार गोष्टी सुचवल्या. पहिली, पाळीची. त्यांचे ॲप रात्री नऊला आठवण करते. रात्रपाळीवाला तेव्हा डबा भरत असतो आणि त्याचा ‘दिवस’ मध्यरात्री तारखेबरोबर बदलत नाही. त्याच्यासाठी दिवस एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंतचा धरावा. आलेखावर पाळीचा रंग असावा, म्हणजे फुल्या रात्रपाळीच्या आहेत की पाळी संपूनही उरलेल्या, हे दिसेल.

दुसरी, भाषेची. ‘मूड’ विचारला की आपला माणूस ‘ठीक’ म्हणतो. ‘आज करमलं का? जेवण गेलं का? कोणावर उगाच चिडलात का? डोकं जड होतं का?’ असे विचारले की बोलतो. चाकणला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगारही आहेत. त्यांच्या भाषेत ‘मन नहीं लगता’ असेच विचारावे लागेल.

तिसरी, बक्षिसांची. सलग दिवसांची मोजणी, फुगे, पदके काढून टाकावीत. आजारी माणसाचा एक दिवस चुकतो आणि त्याच्या अपराधीपणात भर पडते. काही जणांना रोज मन तपासण्याने उलट जास्त त्रास होतो. त्यांना ‘काही दिवस नोंद थांबवा’ असे ॲपनेच सांगावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, रिॲक्शन प्लॅनची. दोन आठवडे रेष खाली राहिली किंवा गुण दहाच्या वर गेले, तर डॉक्टरला दाखवता येईल असे एक पान तयार व्हावे: तारखा, पाळी, झोप, गुण. माझ्यासारख्याला गर्दीच्या ओपीडीत एका नजरेत वाचता येईल इतकेच. नवव्या प्रश्नाला ‘नाही’ सोडून दुसरे कोणतेही उत्तर आले, तर त्याच क्षणी दोन बटणे दिसावीत. एक, १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकाचे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येते. दुसरे, वापरणाऱ्याने आधीच निवडून ठेवलेल्या आपल्या माणसाचे. दोन्ही साधे फोन असावेत, इंटरनेट नसले तरी लागणारे.

आमच्या बाजूचा रकाना

इतके सांगून झाल्यावर त्या मुलीने मला विचारले, ‘सर, तुम्ही म्हणता तसं पान घेऊन तो आला, तर त्याला बघणार कोण आणि कधी?’

प्रश्न बिनतोड होता. सरकारी रुग्णालयांची ओपीडी मुख्यतः सकाळची. पहिल्या पाळीचा कामगार तेव्हा लाइनवर असतो, रात्रपाळीचा झोपलेला. मनोविकारतज्ज्ञाला भेटायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि चाकणहून येणाऱ्याला तळेगाव चौकातल्या कोंडीतले दोन तास. मग आम्ही नोंद करतो, ‘रुग्ण पुन्हा आला नाही.’ आमच्याही तक्त्यात रिॲक्शन प्लॅनचा रकाना रिकामाच आहे.

म्हणून मागणी आमच्याच यंत्रणेकडे आहे. औद्योगिक पट्ट्यात आठवड्यातून किमान दोन दिवस दुपारी चार ते सात या वेळेत मानसिक आरोग्याची ओपीडी चालवावी. पहिली पाळी सुटलेला माणूस तिथे मजुरी न बुडवता येऊ शकेल. एक मनोविकारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि एक खोली एवढाच खर्च आहे. खोली द्यायला उद्योजकांच्या संघटनांनी पुढे यावे. फक्त ती कारखान्याच्या गेटच्या आत नसावी. मी माझ्या रुग्णालयात तसा अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे.

तिघेही परवा पुन्हा आले होते. फुगे काढले आहेत, १४४१६ पहिल्या पानावर आला आहे, नोंदी फोनबाहेर जात नाहीत. कंपनीला त्यांनी कळवले, ॲप देऊ, अहवाल देणार नाही. कंपनीने अजून उत्तर दिलेले नाही. नोकऱ्या तूर्त सोडलेल्या नाहीत.

वाचकांनी ॲपची वाट पाहण्याची गरज नाही. घरात कोणाचे वागणे बदललेले वाटत असेल, तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर चार आठवडे खुणा करा: झोप, जेवण, बोलणे. शक्यतो त्या व्यक्तीला सांगून. खुणा वाढत असतील, तर ते पान घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जा आणि ‘ठीक आहे’ या उत्तरावर त्याला थांबू देऊ नका. मरणाची भाषा कोणी बोलत असेल, तर महिनाअखेरीची वाट पाहू नका. त्याच्याजवळ बसा, ऐकून घ्या, एकटे सोडू नका आणि १४४१६ लावा.